कोमट समुद्र

माझ्या भावजयीनं, ठमाबाईनं, समुद्र आयुष्यात एकदाही पाहिला नाही. मखमलाबादला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा, मळ्यातून फुलबाजार, फुलबाजारातून मळा, आणि फार तर वर्षातून एकदा देवीचा गड. एवढंच तिचं जग. पण अरबी समुद्राचं पाणी आज किती कोमट आहे, हे तिला दर रविवारी ठाऊक असायचं. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. वाटू द्या. मला मात्र त्या पाण्याचं नाव काढलं तरी अजून डोक्यात तिडीक जाते.

जीवन तिचा मुलगा, माझा पुतण्या. माझा थोरला भाऊ लवकर गेला, म्हणून पोराला आयटीआय करून मीच सातपूरला वेल्डिंगला लावला होता. चांगला हात होता त्याचा. मग कुणीतरी डोक्यात भरवलं आणि तो एका ठेकेदाराबरोबर समुद्रात पाइप टाकणाऱ्या बार्जवर गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बायको सुवर्णा, दिंडोरीकडची, बोलायला मोकळी, हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर निरोप आला. जीवन पाण्यात पडला, सापडत नाही. पडला म्हणे! कसा पडला, कुणी पाहिला, त्याच्या अंगावर काही होतं की नव्हतं, विचारून विचारून तोंड दुखलं. ठेकेदाराचा माणूस फोनवर एकच घोकायचा, शोध चालू आहे, शोध चालू आहे.

मी दीपमालाला फोन लावला. दीपमाला ही जीवनची धाकटी बहीण. शिकून हैदराबादला एका कचेरीत लागली होती, आणि तिचं काम तरी काय, तर उपग्रहावरून समुद्राचा ताप मोजायचा. घरात कुणाला ते पटायचं नाही. चतुराबाई शेजारीण म्हणायची, "आभाळातून काय थर्मामीटर सोडत्यात का गं बाई?" मला मात्र ते पहिल्या फटक्यात समजलं होतं. मी सातपूरला हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर होतो. भट्टीतल्या तापलेल्या लोखंडाला हात कोण लावणार? आम्ही लांब उभं राहून पायरोमीटर रोखायचो, तो लोखंडातून निघणारी धग बघून अंश सांगायचा. दीपमालाचा उपग्रह तेच करायचा, फक्त शेकडो मैलांवरून. मग त्याचे रंगीत नकाशे व्हायचे, थंड आणि गरम पाणी एकमेकांना कुठं भिडतं ते त्यावर दिसायचं, आणि ते बंदरांवर फॅक्सनं जायचे. कारण त्या कडेला म्हणे मासे जमतात.

दीपमाला फोनवर रडली नाही. म्हणाली, "तात्या, मी आत्ताच पाहिलं. दादा पडला तिथलं पाणी अठ्ठावीस अंश आहे. एवढ्या पाण्यात माणूस गारठून लगेच जात नाही. पोहता येतं त्याला. त्यांना शोध थांबवू देऊ नका."

बरोबर बोलली होती पोरगी. मी घरी येऊन अंगणात सगळ्यांसमोर तेच सांगितलं. ठमावहिनी ओट्यावर बसली होती, तिनं मान वर केली. "म्हंजी पाणी कोमट हाय?" मी म्हटलं, हो. "मग त्याला काय व्हतंय," असं म्हणून ती उठली आणि चुलीपाशी गेली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बुडाला तो, आणि काडी धरली हिनं.

शोध थांबला. ठेकेदाराचा फोन यायचा बंद झाला. अंग सापडलं नाही, त्यामुळं जाळायला काही नव्हतं आणि सुतक धरायचं की नाही यावर भावकीत वाद झाला. वहिनीनं एका वाक्यात वाद मिटवला. "माझ्या घरात मढं आलेलं नाय. हरवलेल्या माणसाची बारा वर्सं वाट बघत्यात."

दर रविवारी फुलबाजार उरकला की ती नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जायची. दीपमालाच्या घरमालकिणीकडं फोन होता. ख्यालीखुशाली काही नाही, जेवलीस का नाही, एकच सवाल. "आज किती हाय?" दीपमालानं आकडा सांगितला की ठेवला फोन. पोरगी आधी हरकत घ्यायची, आई, या आकड्याचा दादाशी काही संबंध नाही गं, म्हणायची. मग तीही सांगून मोकळी व्हायला लागली. आईचा आवाज तरी ऐकू यायचा तिला.

पुढं वहिनीनं मला कारखान्यातून काचेचा थर्मामीटर आणायला लावला. कशाला, ते एका रविवारी मी गेलो तेव्हा कळलं. अंगणात मोठं पातेलं होतं. सुवर्णा चूल पेटवून पाणी तापवत होती, त्यात थर्मामीटर बुडवून बघत होती, जास्त झालं की तांब्याभर गार पाणी ओतत होती. अंश जुळले की वहिनी पदर खोचून कोपरापर्यंत दोन्ही हात पाण्यात घालून बसली. डोळे मिटून. पाणी निवेपर्यंत.

"बघ की सावळीराम," ती मला म्हणाली, "न्हाणाच्या पाण्यावानी हाय. काय वाईट नाय."

मी सुवर्णाकडं पाहिलं. ती राख सारत होती. तिचं हसणं केव्हा गेलं ते आम्हाला समजलंही नव्हतं.

मग थंडी आली. शेवंतीचा हंगाम संपत आला होता, सकाळी मळ्यात बोटं वाकत नव्हती. दीपमालानं रविवारी खरा आकडा सांगितला. पंचवीस. त्या दिवशी वहिनीनं पंचविसाच्या पाण्यात हात घातले आणि लगेच बाहेर काढले. "गार हाय," म्हणाली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंगावरची गोधडी काढून ठेवली, तो तिकडं कुडकुडतोय आणि मी पांघरू? अशानं ती चार दिवसांत अंथरुणाला खिळली. फुलाबाई, माझी बायको, पेज घेऊन जायची तर तोंड फिरवायची.

मी दीपमालाला कळवलं. पुढच्या रविवारी आकडा आला, एकोणतीस. वहिनी उठून बसली, भाकरी खाल्ली. मला तेव्हाच शंका आली होती. माघ महिन्यात समुद्राला काय ताप भरला? पण म्हातारी जेवतेय ना, जेवू दे. तिथून पुढं थंडी असो, पाऊस असो, समुद्र एकोणतिसाला बांधल्यासारखा उभा राहिला. आणि सुवर्णा दर रविवारी चुलीवर तो एकोणतिसाचा समुद्र तापवत राहिली.

अशी दोन वर्षं गेली. मग फुलाबाईच्या मावशीचा मुलगा आमच्याकडं आला. नांदगावचा. बाजारपेठेत बी-बियाण्याचं दुकान, बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. कमी बोलणारा माणूस. सुवर्णा फुलाबाईला हार करू लागायला आमच्या ओट्यावर बसली होती, तिथं त्यानं तिला पाहिलं. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं फुलाबाईला सरळ विचारलं. आमच्या माळ्यांत पाट लावतात, त्यात कमीपणा नाही. पण नवरा मेला असेल तर! हिचा नवरा तर दर रविवारी कोमट पाण्यात पोहत होता.

मी सुवर्णाला विचारलं. म्हटलं, बये, लाजू नको, तुझ्या मनात काय आहे ते बोल. तिनं सुईतला दोरा तोडला, हार बाजूला ठेवला.

"माणूस बरा वाटला, तात्या," ती म्हणाली. "मला म्हणला, तुम्हाला कापसाचं बी ओळखता येतं का. मी म्हणलं, नाही. तर म्हणला, शिकवीन." तिनं मांडीवरच्या पाकळ्या झटकल्या. "मला तिकडं जायचंय. मला रविवार नको वाटतो आता. आमचे हे गेले, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण आई जोपर्यंत म्हणत नाहीत तोपर्यंत मी कोण हाय, तेच कळंना झालंय."

तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी. सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर कपाळावर कुंकू. माझं टाळकं सरकलं. मी बूथवर जाऊन दीपमालाला झापलं. म्हटलं, तुझ्या त्या एकोणतिसाच्या पायी एक बाई जिवंतपणी पुरली गेलीय. इकडं ये आणि आईच्या तोंडावर खरं बोल. मीटरवरचे लाल आकडे पळत होते. शेवटी म्हणाली, "येते, तात्या."

चैत्रात आली. येताना नकाशे घेऊन आली, रंगीत, गुंडाळी करून. वहिनीसमोर जमिनीवर पसरले, चारी कोपऱ्यांवर कांदे ठेवले. वहिनीनं त्या रंगांवरून हात फिरवला. मला वाटलं आता आकांत होणार. फुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊनच उभी होती.

"आई, हे बघ. उपग्रहाला समुद्राची फक्त साय दिसते. केसाएवढी सुद्धा नाही, इतकी पातळ साय. त्याच्या खाली काय आहे ते त्याला काही कळत नाही. आणि पावसाळ्यात तर ढग. ढग आले की त्याला फक्त ढगांची पाठ दिसते. पाणी दिसतच नाही."

"मंग पावसाळाभर तू मला काय सांगत व्हतीस?"

"आधीच्या वर्षांची सरासरी."

"आन् थंडीत?"

दीपमालाचा चेहरा वाकडा झाला. "खोटं. पाणी पंचविसाच्या खालीसुद्धा गेलं होतं, आई. तू जेवत नव्हतीस म्हणून मी खोटं बोलले. दादा त्याच आठवड्यात गेला गं. पाणी कसंही असलं तरी माणूस तहानेनं जातो, दमून जातो. मला पहिल्यापासून माहीत होतं." एवढं बोलून ती हमसाहमशी रडायला लागली, इतक्या वर्षांचं एकदम.

वहिनी रडली नाही. कोपऱ्यावरचे कांदे एकेक उचलून टोपलीत टाकले, नकाशाची गुंडाळी आपोआप झाली. "बरं," ती म्हणाली. "मग करून टाका त्याचं."

इतकं सोपं? मला बरं वाटायच्या ऐवजी संशय आला. पण सुवर्णानं दाराआडून ऐकलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते पाहून मी गप्प बसलो. दगड बाजूला केल्यावर खालच्या गवतावर ऊन पडावं तसा तो चेहरा उजळला होता.

अंग नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करतात. गुरुजींनी पानं मोजून मांडली, दर्भानं बांधली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. जीवन उंच होता, हा पानांचा जीवन कमरेएवढाच. अग्नी मी दिला. चर्रर्र करून पेटला आणि विडी ओढून होईपर्यंत संपलासुद्धा. बायकांनी सुवर्णाच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. चतुराबाईनं गळा काढला. सुवर्णा नुसती हाताकडं बघत बसली.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. मुंडण करून माझं टाळकं उन्हात भाजत होतं. नांदगावचा माणूसही आला होता, रीत म्हणून. तो वरच्या पायरीवर भावकीच्या मागं उभा राहिला, डोक्यावर टोपी, हात जोडलेले. त्या दिवशी संध्याकाळी तो फुलाबाईशी पुढचं बोलणार होता. सुवर्णाला ठाऊक होतं. वहिनीलाही कुणीतरी सांगितलं असणार, गावात काय लपतंय.

पिंड मांडला आणि आम्ही मागं सरलो. कावळा शिवला की मेलेल्याची इच्छा पुरी झाली म्हणायचं. शेजारच्यांच्या पिंडाला ठेवल्या ठेवल्या शिवला, त्याच्या शेजारच्यांच्याही. आमच्या पिंडाकडं कावळा ढुंकून बघेना. रामकुंडावरचे कावळे ते, रोज शंभर घरचं खाणारे, त्यांना कसली भूक!

भावकी कुजबुजायला लागली. काहीतरी अडकलंय म्हणे जीवनचं. गुरुजी म्हणाले, काही कबूल करायचं असेल तर करा. मी पुढं झालो, हात जोडले. "जीवन, मळ्याची काळजी करू नको. वहिनीला मी अंतर देणार नाही." कावळा नाही. दीपमाला पुढं झाली. "दादा, मी खोटं बोलले, मला माफ कर. आईला मी माझ्याकडं नेते, शेवटपर्यंत बघते." एक कावळा खांबावरून खाली उतरला, दोन उड्या मारल्या आणि दुसरीकडं गेला. बायका चुकचुकल्या.

ऊन चढत होतं. गुरुजींच्या मागं तीन घरची माणसं खोळंबली होती. गुरुजी म्हणाले, हरकत नाही, दर्भाचा कावळा करून शिववतो, शास्त्रात सोय आहे. मी म्हटलं, करा गुरुजी, आटपा.

"नगं." वहिनी बोलली. दहा दिवसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "पानाचा माणूस जाळला. आता गवताचा कावळा? एक तरी खरं व्हऊ द्या माझ्या लेकाचं."

आणि मग ती वळली, हळूच, अगदी मायेनं वळली.

"सुवर्णा," ती म्हणाली, "तू काय बोलत नायस?"

मी सांगतो, त्या घाटावरचा एकेक माणूस सुवर्णाकडं बघायला लागला. आमचे, शेजारचे, ओळख ना पाळख असले खोळंबलेले लोक. सगळ्यांना वाटत होतं ही बोलली की सुटलो. दीपमाला म्हणाली, "वहिनी, काही बोलू नका." पण ते पुटपुटणं होतं. सुवर्णानं वरच्या पायरीकडं पाहिलं नाही. खाली मान घालून दोन पावलं पुढं आली. हात जोडले.

"मी आईंना सोडून कुठं जाणार नाही," ती म्हणाली. "जन्मभर इथंच राहीन."

कावळा आला. कुठून आला कोण जाणे, माझ्या डोक्यावरून फडफड करत आला आणि भाताच्या गोळ्यात चोच घातली. एकदा नाही, दोनदा. बायकांनी डोळ्याला पदर लावले. चतुराबाई म्हणाली, "बघा, जीव त्याचा बायकोत अडकला होता." गुरुजी लगबगीनं पुढचं म्हणायला लागले. मी वर पाहिलं तेव्हा नांदगावचा माणूस पायऱ्या चढून चालला होता. चप्पल हातातच होती त्याच्या, घालायचंही भान नव्हतं. संध्याकाळी तो आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

घरी आल्यावर मी वहिनीच्या पुढं उभा राहिलो. आयुष्यात तिला कधी उलटून बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. म्हटलं, "तुला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं तो गेला म्हणून. कशाला नाटक केलंस गं कैदाशिणी?"

ती भिंतीला टेकून बसली होती. "आईला कळत नाय व्हय?" ती म्हणाली. "शोध थांबला त्याच दिवशी कळलं. पण म्या हो म्हणले असते तर सुवर्णा चार महिन्यांत दुसरीकडं गेली असती. तिचं वय तिला घेऊन गेलंच असतं. तुझ्या घरात फुलाबाई हाय. दीपमालाला तिचं आभाळ हाय. मी कुणाशी बोलले असते, सावळीराम? भिंतीशी?" आणि तेव्हा ती रडली. खरी रडली. मला तिची कीव आली आणि तिचा गळा दाबावासा वाटला, दोन्ही एकाच वेळी. असं होतं माणसाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो. सुवर्णा झेंडू खुडत होती. मोकळे हात, मोकळं कपाळ. मी तिला म्हटलं, "हे बघ बये. तो कावळा भुकेला होता, बाकी काही नाही. लोक मागं सरले म्हणून उतरला. मी स्वतः नांदगावला जातो, त्याचे पाय धरतो. तुझ्या सासूचं मी बघतो. तू जा."

तिनं टोपली या कमरेवरची त्या कमरेवर घेतली.

"कावळा भुकेला होता, ते मलाही कळतं, तात्या," ती म्हणाली. "पण कावळा नाही बोलला. मी बोलले."

बाजाराची गाडी रस्त्यावर हॉर्न वाजवत होती, म्हणून ती पुढच्या ओळीत गेली.